पाखरांच्या पायांतील वाळे

आश्विन सरत आला, पाऊस उघडला आणि सकाळच्या वाऱ्याला किंचित गारवा आला, की आपल्या अंगणात किंवा गच्चीवर एक चिमुकला पाहुणा हजर होतो. राखी-पांढरा रंग, सडपातळ बांधा आणि सारखी खालीवर हलणारी लांब शेपटी. धोबीघाटावर कपडे आपटणाऱ्या परटाची आठवण व्हावी, अशा त्या हालचालीमुळे आपल्याकडे त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. काल तो नव्हता, आज आहे. आणि चैत्राची पालवी फुटेपर्यंत तो पुन्हा नाहीसा होईल. मग तो जातो कोठे? आणि येतो कोठून?

प्रश्न पाच वर्षांच्या मुलाने विचारावा इतका साधा आहे. परंतु त्याचे खात्रीचे उत्तर मिळण्यास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर कसे मिळाले, कोणी मिळविले आणि त्यात शाळेच्या वर्गाचा व रानातील निरीक्षणाचा वाटा किती, हे आज थोडक्यात सांगण्याचा माझा विचार आहे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि खडूची धूळ खात म्हातारा झालेला एक मास्तर आहे. तथापि, या इतिहासातील एक प्रमुख पुरुष माझ्यासारखाच शाळामास्तर होता, एवढ्या आधारावर मी आपल्यासमोर बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्राचीन ग्रीसमधील ॲरिस्टॉटल हा मोठा निरीक्षक होता. काही पक्षी थंडीत उबदार देशांकडे जातात, हे त्याला ठाऊक होते. परंतु काही पाकोळ्या हिवाळ्यात बिळांत दडून बसतात आणि एका जातीचा पक्षी ऋतू पालटताच दुसऱ्याच जातीचा होतो, असेही त्याने लिहून ठेवले. एक पक्षी दिसेनासा होतो आणि त्याच सुमारास दुसरा दिसू लागतो. तेव्हा पहिल्याचाच दुसरा झाला असावा, असे हे अनुमान. पाहण्यात चूक नव्हती, चूक होती ती न दिसलेला भाग कल्पनेने भरून काढण्यात. अठराव्या शतकात सर्व सृष्टीला नावे देणारा लिनियस, त्याचीसुद्धा समजूत अशी होती की पाकोळ्या हिवाळाभर पाण्याच्या तळाशी राहतात. इंग्लंडमधील सेलबर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा पाद्री तर अवलोकनाचा आदर्शच. दिसण्यात अगदी सारख्या असलेल्या तीन पक्षिजाती त्याने केवळ आवाजावरून निरनिराळ्या ओळखल्या. १७८९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक आजही आवडीने वाचले जाते. परंतु गावातील काही पाकोळ्या तेथेच कोठेतरी झोपी जात असाव्यात, ही शंका त्याच्याही मनातून पुरती गेली नाही, आणि त्याने त्यांचा शोधही करविला.

एवढे चतुर डोळे, आणि तरी असे का व्हावे? कारण उघड आहे. व्हाइट आपले गाव सोडून फारसा गेला नाही. पक्ष्याचे अर्धे वर्ष त्याच्या डोळ्यांपुढे होते. उरलेले अर्धे हजारो मैल दूर, दुसऱ्याच कोणाच्या डोळ्यांपुढे होते. त्या दोघांची गाठ पडण्याचा मार्गच नव्हता. एकाच पत्राचे दोन तुकडे दोन गावांतील दोन घरांत पडलेले असावेत, तसा हा प्रकार होता.

१८२२ साली जर्मनीच्या उत्तर भागात एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून आफ्रिकी बनावटीचा एक लांब भाला आरपार गेलेला होता! आफ्रिकेत कोणीतरी फेकलेला तो भाला अंगावर वागवीत तो बिचारा पक्षी आपल्या घरट्याच्या मुलखात परत आला होता. रोस्टॉक येथील विद्यापीठात तो अद्याप जपून ठेवलेला आहे. पत्राचा दुसरा तुकडा असा प्रथम हाती लागला. परंतु तो अपघाताने आणि क्रौर्याच्या मार्गाने. हेच काम दयाळूपणे आणि ठरवून करता येईल काय?

ते करून दाखविले डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावच्या एका शिक्षकाने. त्याचे नाव हान्स ख्रिस्टियन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन. शाळेतील काम सांभाळून हा गृहस्थ पक्ष्यांचे निरीक्षण करी. १८९० साली त्याने जस्ताचे वाळे करून दोन मैनावर्गीय पक्ष्यांच्या पायांत घातले. परंतु जस्त जड, त्याचा पक्ष्यांना त्रास होई. म्हणून त्याने तो नाद सोडला. पुढे ॲल्युमिनियम हा हलका धातू स्वस्त झाला. १८९९ साली त्याने त्याचे वाळे बनविले, प्रत्येकावर क्रमांक आणि आपल्या गावाचे नाव कोरले, घरट्यासाठी लाकडी पेट्या टांगून आपोआप मिटणाऱ्या दाराने पक्षी पकडले, आणि वाळे घालून १६५ पक्षी सोडून दिले. पुढे त्याने बदके, करकोचे वगैरे अन्य पक्ष्यांनाही असे वाळे घातले. ज्याला कोणाला तो पक्षी सापडेल, त्याने व्हिबोर्गला कळवावे, एवढीच त्याची अपेक्षा.

यातील खरी थोरवी वाळ्यात नाही. वाळा काय, कोणीही करील. थोरवी आहे ती त्या मास्तराच्या विश्वासात. आपण कधीही न पाहिलेल्या देशात, आपली भाषाही न जाणणारा कोणीतरी मनुष्य हा वाळा वाचील आणि तिकीट लावून आपल्याला पत्र पाठवील, या विश्वासावर त्याने सगळे काम उभारले. आणि तो विश्वास खरा ठरला. युरोपच्या निरनिराळ्या भागांतून उत्तरे येऊ लागली. लवकरच जर्मनांनी बाल्टिक समुद्राच्या काठी रॉसिटेन येथे योहानेस थीनेमान याच्या हाताखाली हीच पद्धत सुरू केली. पुढे १९११ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात एका वकिलाने आपल्या घराजवळील पाकोळीच्या पायात वाळा घातला. डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतघरात ती पाकोळी सापडली आणि तेथील एका गृहस्थाने लंडनला पत्र धाडले. व्हाइटची शंका अशी सव्वाशे वर्षांनी फिटली. पाकोळी चिखलात झोपत नाही. ती हजारो मैल उडून आफ्रिकेतील उन्हाळा गाठते.

आता आपल्या देशाकडे वळू. १८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन सृष्टिविज्ञानाची एक संस्था काढली. तीच सुप्रसिद्ध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत दोन हिंदी होते आणि दोघेही आपले मराठी डॉक्टर होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे १९२६-२७ च्या सुमारास धार संस्थानच्या महाराजांनी हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना वाळे घालण्याचे काम या संस्थेच्या साह्याने सुरू केले. आपल्या देशातील या कामाचा आरंभ पवारांच्या धारेत झाला, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास, १९२६ साली, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये एक तरुण मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नेमला गेला. शाळांची मुले आली की त्यांना पेंढा भरलेले पक्षी व प्राणी दाखवून माहिती सांगणे, हे त्याचे काम. तो तरुण म्हणजे सलीम अली. काचेच्या कपाटातील पक्ष्यांविषयी बोलता बोलता स्वतःच्या ज्ञानाची अपुरेपणाची जाणीव त्यांना होऊ लागली. म्हणून ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान या आचार्यांजवळ शिकले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांना वाळे घालण्याच्या कामाचाही त्यांनी अनुभव घेतला. १९३० साली परत येऊन पाहतात तो त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि घराशेजारच्या झाडांवरील सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण करू लागले. नोकरी गेलेल्या मनुष्याने घरट्यांकडे पाहत बसावे, हे लोकांना विचित्र वाटले असेल. परंतु त्याच बैठकीतून सुगरणीच्या संसाराची अशी माहिती निघाली की तिने सलीम अलींचे नाव झाले. काचेच्या कपाटातील वर्ग आणि झाडाखालचा वर्ग, या दोहोंचे मोल त्यांच्या चरित्रावरून कळते.

१९५७ साली शिमोग्याकडील क्यासनूर जंगलात गोचिडांमार्फत पसरणारा एक नवा ताप आढळला. त्याचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी मिळतेजुळते होते. उत्तरेकडून येणारी पाखरे तर ही व्याधी आणत नाहीत ना, अशी शंका आली. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ पासून सलीम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांना वाळे घालण्याचे मोठे काम निघाले. भरतपूर, कच्छ, दक्षिणेकडील पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी हजारो पक्षी जाळ्यांत धरून, मोजून, वाळे घालून सोडले गेले. भरतपूरची बदके सायबेरियात सापडली आणि तिकडून पत्रे आली. राजकारणात जग दोन तटांत विभागलेले असतानाही पाखरांच्या टपालाला कोणी अडविले नाही.

आता कोणी विचारील, ही पाखरे एवढा खटाटोप करतात कशासाठी? थंडी सोसत नाही म्हणून, असे आपण वर्गात सांगतो. ते अर्धेच खरे आहे. पिसांची दुलई पांघरलेल्या बदकाला थंडी फारशी बाधत नाही; बाधते ती उपासमार. उत्तरेत सरोवरे गोठली की पाण्याखालचे अन्न कुलपात बंद होते, किडे नाहीसे होतात, आणि दिवस इतका लहान होतो की पोट भरण्यास वेळ पुरत नाही. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे पावसाळा संपून तळी तुडुंब भरलेली असतात. पुढे पाणी जसजसे ओसरते तसतसा काठचा मऊ चिखल उघडा पडत जातो, आणि त्या चिखलात किडे, शंख, कंद यांचे जणू अन्नछत्र उघडते. या अन्नछत्रात पंगतीही ठरलेल्या असतात. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून खाते. लांब मानेचे तलवार बदक शेपटी वर करून तळ शोधते. तुतवार काठाकाठाने टिपत जातो. पट्टकादंब नावाचा हंस दिवसा पाण्यावर विसावतो आणि अंधार पडला की हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरावयास उतरतो. ज्वारी हुरड्यात आली की गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे येतात. शेतकरी गोफण घेऊन त्यांना हाकलतो, ते त्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण हीच भोरडी मध्य आशियात आपल्या वीणीच्या काळी टोळधाडीचा फडशा पाडते, हे ज्याला माहीत आहे, तो तिच्याकडे केवळ चोर म्हणून पाहणार नाही. तिच्याही आयुष्याचा दुसरा तुकडा दुसऱ्या गावी आहे.

येथे मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका लहान शाळेत होतो. एके दिवशी मेघदूताविषयी बोलताना मी मुलांना सांगितले की, पावसाळ्याच्या आरंभी मेघांचा गडगडाट ऐकून राजहंस मानस सरोवराकडे निघतात. आणि अनेक अभ्यासकांच्या मते हा हंस म्हणजेच आपल्या जलाशयावर येणारा पट्टकादंब. शेवटच्या बाकावरचा एक मच्छीमाराचा मुलगा उठून म्हणाला, "न्हाई गुर्जी, ती तर शिमग्याच्या आगंमागंच जात्यात. पावसाळ्यात एक बी नसतं." मला राग आला. कालिदासाला खोटे ठरविणारा हा कोण? मी त्याला तास संपेपर्यंत उभे ठेवले.

परंतु मन खाऊ लागले. त्या वर्षी मी मुलांना घेऊन दर रविवारी काठावर जाऊ लागलो. एक वही केली. तारीख, तिथी, वारा, पाण्याची पातळी आणि दिसलेले पक्षी, असे रकाने आखले. होळी झाली. दुसऱ्या आठवड्यात हंस निम्मेच उरले. गुढीपाडव्यानंतर काठ रिकामा झाला. ज्येष्ठात मेघ गरजले तेव्हा ऐकावयास एकही हंस नव्हता. कविसंकेत हा पंचांग नव्हे, हे मला त्या दिवशी उमगले. मी वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजून हसला आणि म्हणाला, "आमी रोजच पाण्यावर असतो की, गुर्जी." त्याच्याजवळ ज्ञान होते, पण ते लिहिलेले नव्हते, माझ्याजवळ ग्रंथ होते, पण मी पाण्यावर गेलो नव्हतो. आम्हा दोघांजवळ पुन्हा तेच, एका पत्राचे दोन तुकडे!

ती वही पुढे अनेक वर्षे चालली. धोबी पहिल्यांदा कधी दिसला, ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेले राहिले त्या वर्षी चिखल उघडा न पडल्यामुळे तुतवार कसे कमी उतरले, असे कितीतरी मुलांच्याच हस्ताक्षरात तीत नोंदलेले होते. मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवून आलो. दोन वर्षांनी सहज गेलो, तो कपाट रंगवून घेण्यासाठी रिकामे केले होते आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. मी कोणाला दोष देत नाही. दोष माझाच आहे. वीस वर्षांत त्यातील एक पानसुद्धा मी शाळेबाहेर कोणाला पाठविले नव्हते. मॉर्टेन्सन मास्तराने वाळे जगाला वाटले. मी माझे वाळे कपाटात ठेवले.

अशा नोंदी हरवल्याने काय हरवते, हे एका उदाहरणाने सांगतो. भरतपूरला पूर्वी सायबेरियातून पांढरेशुभ्र क्रौंच येत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात ते दोनशेच्या आसपास मोजले गेले होते. पुढे दर हिवाळ्यास संख्या घटत गेली. २००१-०२ साली एकच जोडी आली, आणि त्यानंतर तेथे कोणीच आले नाही. वाटेवरील देशांतील शिकार आणि सुकत चाललेल्या पाणथळ जागा, यांनी त्यांचा घात केला. दुःख तर आहेच; पण हे दुःख आपल्याला कळले तरी, कारण कोणीतरी दर हिवाळ्याला मोजीत होते. ज्या तळ्यावर कोणी मोजीत नाही, तेथून पाखरे गेल्याचेही कळत नाही. तेथे नाहीसे होणे हेसुद्धा नाहीसे होऊन जाते.

आज साधने वाढली आहेत. पट्टकादंबाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे इवलेसे यंत्र बांधून शास्त्रज्ञांनी त्याचा मार्ग प्रत्यक्ष रेखाटला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, भारताच्या बाजूने हिमालय ओलांडण्यास या पक्ष्याला सुमारे आठ तास लागतात. पुष्कळदा तो रात्री किंवा पहाटे, थंड व स्थिर हवेत ही चढण चढतो. मानसाकडे जाणारी वाट कवीने सांगितली होती ती खोटी नव्हती. केवळ तिचा महिना निराळा होता. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, आणि तीत आपल्यासारखी साधी माणसेच मोजतात. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन याने, सुटीत पक्षी मारण्याच्या चढाओढीऐवजी पक्षी मोजण्याची टूम काढली, तेव्हा अवघे सत्तावीस लोक आले होते. आज हजारो येतात. आपल्याकडे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. मुंबईची ती जुनी संस्था पक्षिशास्त्राचे वर्गही चालविते, आणि त्यात व्याख्यानांच्या जोडीला रानातील शिबिरे असतात. भ्रमणध्वनीवरून आपली नोंद जगाच्या वहीत घालण्याची सोयही झाली आहे. ती वही कोणाच्या कपाटात पडून राहत नाही, हे माझ्यासारख्याने ठासून सांगावयास हवे.

असो. वेळ संपत आली. उद्या सकाळी चहा घेताना गच्चीवर धोबी आला, तर त्याच्याकडे जरा थांबून पाहा. घरातील मुलाला हाक मारा. तारीख लिहावयास लावा. आणि ते लिहिलेले कोणालातरी पाठवा. दूर उत्तरेकडे, कोठल्याशा नदीच्या काठी, चैत्र-वैशाखात दुसरे एखादे मूल त्याच जातीचा पक्षी परत आलेला पाहून हेच विचारीत असेल, की हा इतके दिवस होता कोठे? त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गच्चीवर आहे.